हातोडीचा कान

गेल्या मे महिन्यात कसबा पेठेतली आमची जागा रिकामी केली. वाडा पाडायचा होता. भांडीकुंडी, गाद्या, देव सगळं टेम्पोत चढलं आणि शेवटी माळ्यावरून बाबांची ट्रंक खाली आली. हिरव्या पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा कारखान्यातला तिकीट नंबर. दोन हमालांनी ती उचलली तेव्हा आतून आवाज आला, कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड एका कडेला सरकल्याचा. बाबा जिन्यापाशीच उभे होते, पण त्यांना तो ऐकू आला नाही. मी दंडाला हात लावून म्हटलं, "बाबा, तुमच्या हातोड्या." तेव्हा ते वळले आणि हमालांना म्हणाले, "सावकाश रे. तिरकी करू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी धायरीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि जुन्या बनियनच्या चिंध्या सोडवत एकेक हातोडी त्यावर मांडली. सात निघाल्या. खालच्या पानावर नेमका मथळा होता, अनधिकृत बांधकामांवर पालिकेचा हातोडा. वर्तमानपत्रात हा शब्द आला की पाडायलाच येतो. सिनेमात तो न्यायाधीशाच्या हातात दिसतो, आणि आपल्याकडच्या कोर्टात तर न्यायाधीश हातोडा आपटतच नाहीत. बाबांच्या सातांमध्ये तोडायच्या कामाची एकही नव्हती. बसवायची, सैल करायची, सरळ करायची, पसरवायची, नुसतं ठोकून ऐकायची, अशी त्यांची कामं.

बाबा औंधच्या आयटीआयचे फिटर. पुढे भोसरीच्या एका फोर्जिंग कारखान्यात, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून भाग घडवतात तिथे, ३३ वर्षं मेंटेनन्सला होते. रोजच्या हातातली हातोडी अर्ध्या किलोची, बॉल पीन. एका बाजूला सपाट तोंड, दुसऱ्या बाजूला अर्धगोल गोळा. सपाट तोंडाने छन्नी ठोकायची, पंच मारायचा. गोळ्याने रिव्हेटचं टोक पसरवून त्याची टोपी करायची. सपाट तोंड धातूला दाबतं, गोळा त्याला चहूबाजूंनी सरकवतो, म्हणून हे काम गोळ्याचं. तिची पाव किलोची धाकटी आखणीच्या कामाला, सेंटर पंचचे बारीक ठिपके उठवायला. तिसरी क्रॉस पीन, मागची बाजू आडव्या पाचरीसारखी निमुळती. ती धातू एकाच दिशेला पसरवते. शिवाय बारीक खिळा दोन बोटांत धरून पहिले दोन ठोके द्यायला तीच बरी, बोटांच्या मधून बरोबर आत जाते. चौथी पितळेची, पाचवी नायलॉनच्या तोंडाची. बेअरिंग बसवायचं, घासून तयार केलेला शाफ्ट सरकवायचा, तिथे पोलाद नेलं तर भागावर ओरखडा उठलाच. तिथे मार हातोडीने खायचा असतो, भागाने नाही. त्या दोघींची तोंडं बघितली की कळतं, किती खाल्लाय ते. सहावी सुताराची, मागे खिळा उपसायची दोन शिंगं असलेली. आणि सातवी एक छोटी हातोडी, तिच्याविषयी पुढे सांगते.

हातोडीच्या अवयवांना माणसासारखी नावं आहेत. डोकं, तोंड, आणि जिथे दांडा बसतो ते भोक म्हणजे डोळा. तोंड आणि गोळा पाणी देऊन कडक केलेले असतात, पण मधला डोळ्याचा भाग मुद्दाम मऊ ठेवतात. सगळीच कडक केली तर हादऱ्याने डोळ्यापाशी तडकेल. बाबांचा घरातला एकच कडक नियम होता, हातोडीवर हातोडी मारायची नाही. दोन्ही तोंडं कडक, एखादी कपची उडाली तर ती गोळीसारखी जाते. त्यांच्या शॉपमधल्या, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागातल्या, एका हेल्परचा डोळा अशाच कपचीने गेला होता. त्या माणसाला मी लहानपणी पाहिलंय, दसऱ्याला सोनं द्यायला यायचा. आजही कुणी एक हातोडी दुसरीवर वाजवून बघायला लागला की माझा हात आपोआप पुढे होतो.

दांडा हे वेगळंच प्रकरण. बाजारात कुणी डोक्याकडे बघतो, बाबा आधी दांड्याकडे बघायचे. लाकूड बाभळीचं किंवा धावड्याचं, आणि रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेलेल्या. मध्येच रेषा कडेला बाहेर पडत असेल तर दांडा तिथेच मोडणार. डोळा दोन्ही तोंडांना थोडा रुंद आणि मध्ये अरुंद असतो. दांडा खालून घट्ट घालायचा, वरून पाचर मारायची, लाकूड वरच्या बाजूला फुलतं आणि डोकं अडकतं. मग दांड्याचा बुडखा फरशीवर दोनदा आपटायचा. दांडा थांबतो, डोकं मात्र आपल्या वजनाने आणखी खाली बसतं. डोकं सैल झालं की लोक हातोडी पाण्यात बुडवून ठेवतात, ते बाबांना अजिबात चालत नाही. लाकूड फुगून दोन दिवस घट्ट वाटतं, वाळलं की आधीपेक्षा ढिलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी एका चकचकीत दुकानातून रबरी मुठीची हातोडी आणली होती. चौथ्या खिळ्याला तिचं डोकं निघून कपाटाच्या काचेत गेलं. बाबांनी काचा गोळा केल्या आणि डोळ्यात बोट घालून बघितलं. आत पाचरच नव्हती, नुसता गोंद होता. त्यांना इतकं वाईट वाटलेलं मी क्वचित पाहिलंय.

हातोडी धरायला मी सात-आठ वर्षांची असताना शिकले. गणपतीच्या आरासेसाठी फळीवर खिळे मारायचे होते. मी डोक्याजवळ धरून टुकटुक करत होते. बाबा म्हणाले, "तिचा गळा सोड. शेवटाला धर आणि तिला जाऊ दे." पुढे शाळेत गतिज ऊर्जा शिकले तेव्हा त्या वाक्याचा अर्थ लागला. वजन दुप्पट केलं तर घाव दुप्पट, पण वेग दुप्पट केला तर चौपट. दांड्याची सगळी लांबी त्या वेगासाठीच असते. फळीच्या कडेजवळ खिळा मारताना त्यांनी आधी त्याची अणी ठोकून बोथट केली. अणकुचीदार खिळा पाचरीसारखा शिरतो आणि फळी चिरते. बोथट खिळा धागे चिरडत आत जातो. आणि खिळा बोटांत धरायचा नाही, आईच्या कंगव्याच्या दातांत धरायचा.

खरा धडा त्यानंतर मिळाला. अर्धा खिळा आत गेला आणि मी थांबले, तेव्हा ते म्हणाले, "बघू नकोस. ऐक." मी डोळे मिटले. प्रत्येक ठोक्याला आवाज चढत होता, कारण बाहेरचा खिळा आखूड होत होता. मग एका ठोक्याला आवाज एकदम जाड झाला, सगळी फळीच बोलल्यासारखा. "बसला," बाबा म्हणाले. "आता आणखी मारलास तर लाकूड दुखेल." त्यांच्या लेखी ठोकणं म्हणजे विचारणं होतं. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून ते गिलावा कुठे पोकळ सुटलाय ते सांगायचे. सैल बोल्टवर हातोडी टेकवली की भद्द वाजतो, घट्ट असला की ठणकतो. लहानपणी पुणे स्टेशनवर गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेतलेला माणूस डब्यांच्या बाजूने चाकं ठोकत जाताना दिसायचा. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर आवाज मेल्यासारखा येतो. बाबा मला उचलून घेत आणि सांगत, "बघ, तो चाकांना हाका मारतोय."

आम्ही राहायचो तिथून तांबट आळी चार मिनिटांवर. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार कसब्यात वसले, त्यांची ही आळी. माझ्या लहानपणी आळी दिसायच्या आधी कानावर यायची. एका घराचा ठोका दुसऱ्यात मिसळायचा, पण आत जाऊन एका ओट्यापाशी उभं राहिलं की त्या एका माणसाचा ताल वेगळा काढता यायचा. मी शाळेतून येताना ज्या ओट्यापाशी रेंगाळायचे तिथले काका बंब आणि घंगाळी करायचे. त्यांच्यासमोर आडवा बसवलेला जाड लोखंडी दांडा, त्याच्या गुळगुळीत टोकावर भांडं उपडं घातलेलं. डाव्या हाताने भांडं बोटभरही नाही इतकं फिरवायचं, उजव्या हाताने एक ठोका. फिरवायचं, ठोका. एक ओळ पूर्ण झाली की तिच्या अंगाला अंग लावून पुढची. याला मठारकाम म्हणतात. भांड्यावर दिसणारे ते चमकणारे गोल खळगे लोकांना नक्षी वाटतात, पण आधी ती ताकद आहे. तांबं मऊ धातू, ठोकल्याने ते आतून कडक होतं, आणि पातळ पत्र्याचं भांडं पाणी भरलं तरी चेपत नाही.

काका माझ्याशी मान वर न करता बोलायचे. एकदा त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तोंड बघ तिचं." मला त्यात माझा चेहरा दिसला. तिच्यावर एक चरा असला तर तो प्रत्येक ठोक्याबरोबर भांड्यावर छापला जाणार, हजार वेळा. म्हणून आठवड्यातून एकदा ते तांब्याला हात लावत नसत, फक्त हातोड्यांची तोंडं घोटत बसत. ठोकता ठोकता तांबं ताठर झालं की आवाज कोरडा आणि चढा होतो. तिथेच थांबायचं, नाहीतर पत्रा फाटतो. मग भांडं भट्टीत लाल करायचं, की ते परत मऊ होतं आणि आवाज परत खाली उतरतो. "किती वेळाने तापवायचं?" मी विचारलं होतं. ते म्हणाले, "तेच सांगतं की." मी भांड्याकडे बघितलं. त्यांनी कानाकडे बोट नेलं.

आता आळीत ठोके विरळ झालेत. काही घरं अजून काम करतात, नवे आकार घडवतात, आणि तांब्याच्या बाटल्यांना गिऱ्हाईक आलंय हे मला मनापासून बरं वाटतं. पण साच्यातून छापून काढलेले खळगे असलेली भांडीही त्याच भावात विकली जातात. ओळखायची असतील तर तिरक्या उजेडात धरा. हातच्या मठारकामात दोन खळगे सारखे नसतात, आणि ओळ कुठेतरी श्वास घेतल्यासारखी किंचित हलते.

बोलणारी हातोडी मी आणखी एका ठिकाणी पाहिली. सिंहगड रस्त्याच्या कडेला पाऊस सुरू व्हायच्या आधी घिसाड्यांची पालं पडायची. खुरपी, विळे, कुऱ्हाडी शेवटायला, म्हणजे धार परत काढून घ्यायला, लोक यायचे. पोरगं भाता मारतंय, बाप सांडशीने लाल लोखंड ऐरणीवर धरून बसलाय, आणि आई उभी राहून घण घालतेय. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, घण डोक्यावरून येतो आणि बरोबर तिथेच पडतो. मी बराच वेळ बघत राहिले तेव्हा लक्षात आलं की बापाच्या उजव्या हातात एक छोटी हातोडी आहे. तो तिने लोखंडावर हलकेच टिण करतो, त्याच जागी क्षणात घण उतरतो, धाड. टिण, धाड. टिण, धाड. छोटी हातोडी जागा दाखवते, किती जोरात तेही तीच सांगते. शेवटी त्याने ती लोखंडावर न मारता रिकाम्या ऐरणीवर टेकवली, वेगळाच आवाज आला, आणि वर गेलेला घण खाली न येता बाईच्या खांद्यावर विसावला. दोघांमध्ये एक शब्द झाला नव्हता. त्या छोट्या हातोडीने काहीही घडवलं नाही असं कुणी म्हणेल. मला ती त्या पालातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू वाटली.

वडारांची दगड फोडायची सुतकी, पाथरवटाची टाकी म्हणजे छन्नी, हीसुद्धा ऐकायचीच हत्यारं. पाट्या-जात्याला टाकी लावणारी बाई आमच्या वाड्यात यायची. पाटा उभा करून आधी बोटाने वाजवायची, मग कामाला बसायची.

आता सातवी. पाव किलोपेक्षाही हलकी, पितळी डोक्याची. ती बाबांची नाहीच, त्यांच्या थोरल्या भावाची, माझ्या काकांची. काका तबला वाजवायचे. सवाई गंधर्व महोत्सवात पुणेकर हजारोंनी बसतात आणि गायक तानपुऱ्यात डोळे मिटून बसलेला असताना तबलजी हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या चामडी वेणीवर, ठोके देत असतो, ती पाच मिनिटं सगळा मंडप गप्प असतो. मला ती पाच मिनिटं गाण्याइतकीच प्रिय आहेत. गजऱ्याच्या वरच्या कडेवर ठोका दिला की पान ताणलं जातं आणि सूर चढतो, खालून वर दिला की उतरतो. चामड्याच्या पट्ट्यांमध्ये अडकवलेले लाकडी गठ्ठे मोठ्या फरकासाठी, गजरा केसभर फरकासाठी. एका घरावर, म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या जागेवर, ठोकलं की समोरच्या घराचं बघायचं, सोळाही घरं एका सुरात येईपर्यंत. काका म्हणायचे, तबला बोटांनी वाजतो पण हातोडीने जुळतो. ते गेल्यावर बाबांनी त्यांच्या सामानातून एवढी एकच वस्तू मागून घेतली. वाजवता बाबांना येत नाही.

आणि ट्रंकेत मावणार नाही असा आठवा हातोडा. जेम्स नॅस्मिथ या इंजिनिअरने १८४२ साली वाफेच्या हातोड्याचं पेटंट घेतलं, त्याच्या वंशातलं ते यंत्र. बाबांच्या कारखान्यात ते होतं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, घरच्यांना आत सोडायचे. त्या दिवशी यंत्रं झेंडूच्या माळा घालून गप्प असायची, पण एकदा आम्हाला निघायला उशीर झाला आणि मी ते चालताना पाहिलं. बाराशे अंशांच्या आसपास तापलेला, पिवळट केशरी झालेला पोलादाचा ठोकळा खालच्या साच्यात ठेवला, आणि वरून कित्येक टनांचा घाव आला. पापुद्रे ठिणग्यांसारखे उडाले. पायाखालची जमीन हलली, पोटात काहीतरी हललं, आणि आवाज कानात मावला नाही. तीन-चार घावांत त्या ठोकळ्याचा क्रँकशाफ्ट झालेला होता. ओतून केलेल्या भागापेक्षा असा ठोकून केलेला भाग दणकट, कारण धातूचे धागे तुटत नाहीत, आकाराबरोबर वळतात. बाबांनी हे सगळं मला ओरडून सांगितलं. मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. त्यांना वाटलं, मला सगळं कळलं.

चार वर्षांपूर्वी त्यांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले. कुकरची शिट्टी, मोबाइलची रिंग त्यांना ऐकू येईनाशी झाली होती. "साखर" म्हटलं तर "काकर?" असं विचारायचे. तपासणीच्या कागदावरची रेघ डावीकडे सरळ चालली होती आणि ४००० हर्ट्झपाशी दरीत पडल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा आलेख साधारण असाच येतो. भिंतीवर कानाचं चित्र होतं. पडद्यामागे तीन चिमुकली हाडं, शाळेत पाठ केलेली: हातोडा, ऐरण, रिकीब. बाबांनी चष्मा लावून नावं वाचली आणि हातोड्यावर बोट ठेवून विचारलं, "हा मोडलाय का?" डॉक्टरांनी सांगितलं, तो शाबूत आहे. गेलंय ते त्याच्याही आतलं, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीतले सूक्ष्म केस. ते एकदा गेले की माणसात परत उगवत नाहीत. बाबा चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हातोडा चांगला आहे म्हणजे."

मला तेव्हा रडू आलं आणि रागही आला. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, त्यांच्या शॉपमध्ये सकाळच्या पहिल्या घावालाच आवाज त्या आकड्याच्या वर जात असणार. कानात घालायचे बोळे कपाटात असत. मी विचारलं, "मग घातले का नाहीत?" ते म्हणाले, "घातले तर मशीन काय म्हणतंय ते कसं कळणार?" बेअरिंग खराब व्हायला लागलं की आधी आवाज बदलतो. बोल्ट सैल झाला की आधी आवाज बदलतो. कान बंद केले तर फिटर आंधळा. म्हणजे ज्या कानावर त्यांचं सगळं कसब उभं होतं, तोच कान त्या कामाने रोज थोडा थोडा खाल्ला. कारखान्याला हे माहीत होतं, फोरमनला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं. तांबट आळीतले काकाही शेवटी शेवटी माझं बोलणं ओठांवरून समजून घ्यायचे, हे मला त्या दवाखान्यात आठवलं.  आज मी कुठेही माणसाला उघड्या कानांनी ब्रेकर चालवताना पाहिलं, आणि पुण्यात तर वाडे पडतायत तिथे रोज दिसतो, की थांबून त्याच्या मुकादमाशी बोलते. दोनदा भांडणही झालंय. बोळे घालूनही यंत्र ऐकता येईल अशी सोय करणं ही माणसाची जबाबदारी नाही, मालकाची आहे.

तर मे महिन्यातल्या त्या सकाळी बाल्कनीत बाबा अर्ध्या किलोच्या हातोडीला नवा दांडा घालत होते. बाभळीचा दांडा त्यांनी फुटक्या काचेच्या धारेने तासून घेतला, बोटाने चाचपत. पूर्वी तासण्याचा आवाज ऐकून थांबायचे, आता तळहात सांगतो. डोळ्यात दांडा गेला, पाचर बसली. त्यांनी बुडखा फरशीवर आपटला आणि डोक्यावर हात ठेवून थांबले. परत आपटला, परत हात ठेवला. मी ऐकत होते. दुसऱ्या वेळेला आवाज जाड झाला होता. त्यांना तो हाताला लागला. मान हलवून त्यांनी तिसऱ्यांदा आपटायचं सोडलं.

सोसायटीच्या मागे उंबराचं झाड आहे. तिथे तांबट पक्षी बसतो, लाल कपाळाचा, पोपटी, मुठीएवढा. त्याचं नावच त्याच्या आवाजावरून पडलंय. टुक, टुक, टुक, तांब्यावर ठोके पडल्यासारखा एका लयीत, कितीतरी वेळ. बाबांना बुलबुल ऐकू येत नाही, चिमण्या ऐकू येत नाहीत. पण तांबटाचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, त्या आलेखाच्या डाव्या, सरळ भागातला.

त्यांनी काच खाली ठेवली आणि बोट वर केलं.

"हा येतो ऐकू," ते म्हणाले.

मग त्यांनी क्रॉस पीन उचलली आणि तिचा दांडा उजेडात धरून बघायला लागले.